उभा गहू

जुईनगर
३ नोव्हेंबर १९९६

प्रिय नौमान,

अस्सलामु अलैकुम. आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की अब्बांनी कोपरखैरण्याची ती गाडी स्वतः चालवून पाहिली, वाशीपर्यंत नेली आणि परत आणली. ते खरं नाही. गाडी बासितने चालवली. अब्बा त्याच्या शेजारी बसले होते. मी त्या दिवशी शाळेत होते. संध्याकाळी अब्बांनी जे सांगितलं ते मी लिहिलं. काल बासित आला आणि चहा पिताना म्हणाला, "मामू, तुमची गाडी लय जड हाय, स्टिअरिंगने खांदे भरले माझे." अब्बा तिथेच होते, पेपरातले फोटो बघत. त्यांनी मान वर केली नाही आणि मीही काही विचारलं नाही. पण तू तिथे मित्रांना सांगितलं असशील, म्हणून हे सगळ्यात आधी.

आज मी स्वतः गाडी बघून आले, तेव्हा आता जे लिहिते ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

गाडी मॅटाडोर आहे, डिझेलची, जुनी. बाहेरून बेकरीची वाटेल अशी. मालक नंदकुमारकाका तुर्भ्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. रिटायर झाल्यावर सुतार हाताशी धरून त्यांनी आतमध्ये घर केलंय. दोन माणसं झोपतील अशी बाकं, बाकाखाली पाण्याची टाकी, पायाने दाबलं की नळाला पाणी. दोन शेगड्या. फळ्यांना बोटभर उंचीच्या पट्ट्या ठोकल्यात, म्हणजे वळणावर डबे पडत नाहीत, आणि प्रत्येक डब्याला त्याच्या मापाचं भोक. त्यात दुसरा डबा बसतच नाही. अब्बांनी त्या पट्ट्यांवरून हात फिरवला आणि त्यांचा चेहराच बदलला. म्हणाले, "जहाजावर अशाच होत्या."

इंजिनाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओतलं, ते कुठून कसं जातं हे बोट लावून बघितलं आणि म्हणाले, "गाडी डावीकडं झुकलीय." नंदकुमारकाका म्हणाले, "अहो, स्प्रिंगचा पाटा दबलाय त्या बाजूचा, बदलून देणार आहे मी. पण हे आजवर एकाही गिऱ्हाइकाला कळलं नव्हतं." मग अब्बांनी एकेका डब्यावर हात ठेवत यात काय, यात काय असं विचारून घेतलं आणि परक्याच्या गाडीत आम्हा सगळ्यांसाठी चहा केला. एकदाही चाचपले नाहीत.

काकांच्या पत्नी, वैजयंतीकाकू, दारातच उभ्या होत्या. त्यांचे गुडघे गेलेत, गाडीची पायरी चढवत नाही, म्हणून गाडी विकायची आहे. मला म्हणाल्या, "ह्यांनी मला अर्धा महाराष्ट्र दाखवला गं. पण मागच्या काचेतून. मी आत कांदा चिरत असायचे आणि हे पुढून ओरडायचे, बघ बघ, काय डोंगर आहे. माझ्या काचेत येईपर्यंत तो डोंगर एवढासा झालेला असायचा."

काकांनी अब्बांना विचारलं, तुम्ही कुठे जाणार. अब्बा म्हणाले, "घाटाच्या वर. रॉटरडॅम बघितलं, सँटोस बघितलं, घाटाच्या वर काय हाय ते नाय बघितलं. सगळा जन्म जहाजावर आटा मळला, साहेब. गहू उभा कसा दिसतो ते मना ठाव नाय." काकू हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

अम्मी गेल्यापासून अब्बा एवढे खूष मी पाहिले नव्हते. तरी परत येताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि का ते मला सांगता येत नाही. पैशाचं त्यांनी बघितलंय, तू काही पाठवू नकोस. फक्त तुला काय वाटतं ते लिही. फोन करू नकोस. बूथवर मागे माणसं उभी असतात आणि मला बोलणं सुचत नाही.

तुझी आपा,
बतूल

---

शारजा
१९ नोव्हेंबर १९९६

आपा,

वालेकुम सलाम. चूक सुधारायला अख्खं पत्र लिहिणारी दुनियेत तू एकटीच. मी सगळ्या रूमला सांगितलं होतं की आमचे अब्बा या वयात मॅटाडोर पळवतात. आता काय सांगू, पळवत नाहीत, बाजूला बसतात? नाही सांगत. तू काय ते तुझ्या हिशोबात लिहून ठेव.

आता माझं ऐक. (हे अब्बांना वाचून दाखवू नकोस.) अब्बा जहाजावर जायच्या आधी मासळीचा ट्रक चालवायचे, ते तेव्हाचं. मधे किती वर्षं गेली. क्लच सोडताना गाडी दोनदा बंद पडली असणार, बासितसमोर लाज वाटली असणार, आणि घरी येऊन सांगितलं की मीच चालवली. एवढीच गोष्ट आहे. दोन दिवस रिकाम्या रस्त्यावर चालवतील, हात बसेल. आपल्याकडे सेक्टरांचे रस्ते काय कमी मोठे आहेत? माणसं कमी आणि रस्ता जास्त.

तुला सगळ्याचं टेन्शन. रिक्षात बसलं की लोक मीटर बघतात, तू ड्रायव्हरला झोप आली आहे का ते बघतेस. तूच मला शाळेत घातलंस, माझ्या पाटीवर हात धरून लिहिलंस, म्हणून मी गप्प ऐकतो. पण या वेळी नाही. घेऊ दे ना त्यांना गाडी. फ्लॅटमध्ये ते दिवसभर खिडकी ते दार, दार ते खिडकी करतात, तूच लिहिलं होतंस.

ती डब्यांच्या भोकाची आयडिया एकदम भारी. इथे आमच्या रूममध्ये माझी साखर रोज दुसऱ्याच माणसाच्या पलंगाखाली सापडते.

नौमान

---

जुईनगर
५ डिसेंबर १९९६

प्रिय नौमान,

क्लचची गोष्ट नाही. हे पत्र नीट वाच आणि कोणाला दाखवू नकोस.

करिमुन्निसा फुफी म्हसळ्याहून राहायला आली आहे. तुला फुफी माहीत आहे, आल्या दिवशी तिने ओटा धुतला, बरण्या घासल्या आणि तिच्या सोयीने लावल्या. मीठ शेगडीच्या उजवीकडे असतं, ते डावीकडे गेलं. आपल्या घरात डबा हलवायचा नसतो हे आपल्याला लहानपणापासून माहीत. आपल्याला वाटायचं ती अब्बांची जहाजावरची शिस्त.

अब्बा सार करत होते. त्यांचा हात उजवीकडे गेला आणि रिकामा मिटला. परत गेला, परत मिटला. फुफी म्हणाली, "भाईजान, समोर तर हाय."

"कुठं समोर?"

"अरे हे काय, तुझ्या कोपराला लागतंय."

मिठाचा डबा स्टीलचा आहे, फुफीने घासून आरशासारखा केलेला. अब्बांना तो दिसला नाही. मग त्यांनी सबंध मान फिरवली, कोंबडी फिरवते तशी, तेव्हा दिसला. फुफी म्हणाली, "कप्तानसाहेबांच्या हुकुमाशिवाय मीठसुद्धा हलवायचं नाय वाटतं." अब्बा हसले. म्हणाले, "मीठ जागेवर नसलं तर जहाज बुडतं, करिमा." फुफी पण हसली. मी हसले नाही.

त्यानंतर मी जे केलं ते मला आवडलेलं नाही. अब्बा जेवायला बसले की मी त्यांच्या डाव्या हाताशी एक पांढरी बशी ठेवायचे, काही न बोलता. पहिल्या दिवशी ती त्यांच्या हाताने खाली गेली. दुसऱ्या दिवशी मी ती उजवीकडे ठेवली. तीही गेली. शाळेत मी तिसरीच्या मुलांनासुद्धा आधी सांगून परीक्षा घेते, आणि इथे बापाची चोरून घेतली. पण आता मला खात्री आहे. अब्बांना समोरचं दिसतं. पेपरातले फोटो दिसतात, माझा चेहरा दिसतो. बाजूचं दिसत नाही. ज्या हाताचं आपण एवढं कौतुक करायचो, न बघता कांदा, न बघता तिखट, तो हात न बघताच चालत होता. आपण दोघांनी ते कधी ओळखलं नाही.

आता गाडीचा विचार कर. सेक्टरचे रस्ते रिकामे आहेत हे खरं, पण रिकाम्या रस्त्यावर सायकलवाला बाजूनेच येतो.

सौदा पक्का झाला आहे. पाटा बदलून झाला की जानेवारीत गाडी आपल्या दारात येईल. मी त्यांना काय सांगू? ज्या माणसाने निरक्षर असून मला शिकवलं त्याला मी सांगू की तुम्हाला दिसत नाही? माझं धाडस होत नाही. म्हणून तू लिही. वेगळ्या कागदावर लिही की गाडी नको. कारण काहीही दे, डोळ्यांचं सोडून. मी ते त्यांना वाचून दाखवीन. तुझं ते ऐकतात.

हे मी तुझ्याकडे मागते आहे ते बरोबर आहे असं मला वाटत नाही. तरी मागते.

बतूल

---

शारजा
२० डिसेंबर १९९६

आपा,

सोबत दुसरा कागद आहे, तो अब्बांचा. तू म्हणालीस म्हणून लिहिला.

तुझं पत्र वाचल्यापासून मी इथे डोळ्यांच्या बाजूला हात धरून चालून बघतो. दारात खांदा लागतो. त्यांचा डावा खांदा नेहमी दाराला घासायचा, आठवतं? अम्मी म्हणायची, जहाजावर हलत चालायची सवय गेली नाही.

माझं मत विचारलं नाहीस तरी देतो. कागद वाचायच्या आधी त्यांना एकदा विचार. हिंमत नाही झाली तर वाच.

नौमान

*(दुसरा कागद)*

अब्बाजान,

अस्सलामु अलैकुम. मी इथे मजेत आहे. आपाने गाडीबद्दल कळवलं. विचार करता गाडी घेऊ नये असं मला वाटतं. इंजिन जुनं आहे, डिझेलचा धूर तब्येतीला चांगला नाही, देखभाल करणारं कोणी नाही. तुम्ही घरी आराम करा. मी सुट्टीवर आलो की आपण सगळे फिरायला जाऊ.

तुमचा नौमान

---

जुईनगर
१२ जानेवारी १९९७

प्रिय नौमान,

काल पहिला रोजा झाला. तुमच्याकडे एक दिवस आधी सुरू झाला असेल. माझी हिंमत झाली नाही. मी न विचारता कागद वाचला, गेल्याच आठवड्यात.

अब्बा खिडकीत बसले होते. मी नेहमीसारखं, तुझ्या आवाजात नाही, माझ्या आवाजात वाचत गेले. "घरी आराम करा" पर्यंत आले आणि अब्बा म्हणाले, "थांब."

मी थांबले.

"ह्यो नौमान नाय. नौमानने आजवर मना कुठल्या गोष्टीला नको म्हटलं नाय. शेळी पाळतो म्हटलं तरी तो म्हणाला, पाळा. ह्यो तू हायस."

मी म्हटलं, अक्षर त्याचं आहे.

"अक्षर मना कुठं कळतं? बोलणं कळतं." मग म्हणाले, "ती बशी पण तूच ठेवत होतीस ना?"

नौमान, मी पत्र घडी करून मांडीवर ठेवलं. पुढचं त्यांनीच सांगितलं. त्यांना माहीत आहे. शेवटच्या सफरीपासून माहीत आहे. जहाजाच्या स्वैपाकघरात त्यांच्या शेजारी कोणी येऊन उभं राहिलं तर कळायचं नाही, म्हणून ते उतरले. आपल्याला वाटलं अम्मीसाठी उतरले. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की लोक हाताला धरून नेतात. त्या दिवशी बासितला त्यांनीच चालवायला सांगितलं होतं. मला सांगितलं की मी चालवली, कारण, त्यांचे शब्द, "तू घाबरट. खरं सांगितलं असतं तर तू 'का' विचारलं असतंस, आन मग विचारतच राहिली असतीस."

मी विचारलं, मग गाडी कशाला?

"अगं, म्हणूनच तर. आता जेवढं दिसतंय त्येच्यात गहू बघून घेतो. आन नंतरची पण सोय. ह्या फ्लॅटात कोनीबी येतं, मीठ हलवतं. त्या गाडीत डबा हलवायला जागाच नाय. पुढं दिसेनासं झालं तरी मी तिथं चार मानसांचा सैपाक करीन."

दुसऱ्या दिवशी त्यांना वाशीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, असलेली थेंब घालून राखायची. किती दिवस राखता येईल हे डॉक्टर सांगत नाहीत. मी तीनदा विचारलं.

अब्बांचा बेत बासितच्या भरवशावर होता. बासितचा दोह्याचा व्हिसा आला आहे, ईदआधीच जातोय. ते ऐकलं आणि मी म्हणाले, "मी चालवीन."

फुफी म्हणाली, "तू? तुझ्याच्याने शिलाई मशीन सरळ चालत नाय." आणि मग, "मॅटाडोर चालवनाऱ्या मुलीला कोन करून घेईल? डेपोतला कंडक्टर?" मलाही वाटलं मी उगाच बोलले. पण बोललेलं परत घेता येत नाही, निदान मला येत नाही.

आठ तारखेला शिकाऊ लायसन्स काढलं. नंदकुमारकाका शिकवतात, कोपरखैरणे ते वाशी, सकाळी शाळेच्या आधी. पहिल्या दिवशी मी गाडी फूटपाथवर चढवली. काका म्हणाले, "काही हरकत नाही, फूटपाथ आपला आहे." वैजयंतीकाकू वर गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. मी खाली गाडीत चढायला लागले की ओरडतात, "पुढं बस हो. मागं मी बसून घेतलंय सगळ्यांच्या वाटणीचं."

गाडी आपल्या नावावर झाली आहे. हेही खरं लिहायला हवं: स्टिअरिंगवर बसले की मी सारखी दोन्ही बाजूंना बघते. काका म्हणतात, "थोडं समोर पण बघ."

बतूल

---

शारजा
२६ जानेवारी १९९७

आपा,

शेळीचं मी विसरलो होतो.

तुझं पत्र मी बसमध्ये वाचलं आणि स्टॉप चुकला. एक गोष्ट लिहितो, तू चिडू नकोस. तो खोटा कागद लिहिताना मला बरं वाटलं होतं. म्हटलं, आपा सगळं सांभाळते, या वेळी तरी मी काहीतरी केलं. आणि काय केलं तर अब्बांना आराम करा म्हणून सांगितलं. त्यांना दिसत नाही हे मला माहीत होतं आणि मी डिझेलच्या धुराबद्दल लिहीत बसलो.

त्यांना माझा सलाम सांग. हे पत्र पूर्ण वाचून दाखव, काही गाळू नकोस. अब्बा, हा मीच आहे. गाडी घेतलीत ते बेस्ट केलंत. आपा चालवणार असेल तर वेगाची काळजी नाही, बैलगाडी पण हॉर्न देऊन पुढे जाईल.

आपा, आता हे नको वाचूस. घाट चढायची तुला भीती वाटते का? खरं सांग. वाटत असेल तर थांब. मला जूनमध्ये सुट्टी आहे, मी येऊन नेतो.

नौमान

---

जुईनगर
१२ फेब्रुवारी १९९७

प्रिय नौमान,

ईद मुबारक, उशिरा. फुफीने शीरखुर्मा केला आणि मीठ-साखरेचे डबे होते तिथेच ठेवले. कोणी काही सांगितलं नव्हतं. आता स्वैपाकघरात शिरताना ती "करिमा आली गो" असं बोलते, म्हणजे अब्बांना कळावं. अब्बा म्हणतात, तुझा आवाज म्हसळ्याहून निघालीस तेव्हाच आला होता.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. शेवटचं पण वाचलं. काही गाळू नकोस असं तू आधी लिहिलंस आणि मग हे नको वाचूस असं लिहिलंस. मी पहिलं धरलं. अब्बा म्हणाले, "जूनमध्ये गहू कुठला? दळून पोळ्या पण झाल्या असतील."

ते बरोबर आहे. नंदकुमारकाकांच्या ओळखीचे वामनराव म्हणून ओतूरचे आहेत, त्यांना विचारलं. त्यांच्या रानात गहू आहे, अजून उभा आहे, पण पिवळा पडायला लागलाय आणि महिनाअखेर कापणी सुरू होईल. त्यांनी काकांना विचारलं म्हणे, पाहुण्यांना गव्हात नक्की काय बघायचंय? काकांनी सांगितलं, गहूच.

आज माझी परीक्षा झाली. चढावर गाडी थांबवून परत सुरू करायला लावली. एकदा बंद पडली, दुसऱ्यांदा सुटली. साहेबांनी विचारलं, एवढी मोठी गाडी कशाला शिकलीस, मी म्हटलं, घरची आहे. लायसन्स मिळालं.

तू विचारलंस म्हणून लिहिते. भीती वाटते. माळशेजच्या घाटाचा नकाशा काकांनी काढून दिला आहे, वळणं तांबड्या पेन्सिलीने. तो मी इतक्या वेळा पाहिला आहे की झोपेतही वळते. मला डिझेलची भीती वाटते, ब्रेकची, एसटीच्या ड्रायव्हरांची, धुक्याची. अब्बांना मी विचारलं, दर्यात वादळ आलं की तुम्ही काय करायचात? मला वाटलं काहीतरी धीराचं सांगतील. म्हणाले, "झाकणं लावायचो. बाकीचं कप्तान बघायचा."

काल त्यांनी गाडीत सामान भरलं. प्रत्येक डबा त्याच्या भोकात. मी मदतीला गेले तर बाहेर काढलं मला. आतून त्यांच्या हाताचे आवाज येत होते, एक झाकण, मग दुसरं. बाहेर आले तेव्हा अंगणातल्या सायकलला धडकले आणि सायकलला माफ कर म्हणाले. ते पुढेच बसणार आहेत, माझ्या शेजारी. सरळ समोरचं ते बघतील, दोन्ही बाजूंचं मी.

झाल्यावर लिहावं असं मी ठरवलं होतं, म्हणजे तुला परत काही चुकीचं कळवलं जाणार नाही. पण हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर गहू बघून झालेला असेल किंवा आम्ही मुरबाडला रस्त्याच्या कडेला चहा करत बसलेले असू, आणि काहीही असलं तरी मला आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. सोमवारची रजा टाकली आहे. काकू बघायला येणार आहेत, पायरी चढणार नाहीत म्हणाल्या. पहाटे फजरची नमाज झाली की निघू, रविवारी, सोळा फेब्रुवारीला.

बतूल